बोल्टाची निवड आणि नटाची पकड

यंत्रांविषयी बोलताना नेहमी मोठ्या गोष्टींचा उल्लेख आधी होतो. इंजिनाची शक्ती, चाकांची गती, पंपाचा उपसा यांची चर्चा होते. नट-बोल्टांचे नाव निघते ते काहीतरी निखळून पडल्यावरच. सायकलचा कॅरिअर खडखडू लागतो, विहिरीवरचा पंप पायावर थरथरू लागतो, गिरणीतील पट्ट्याचे चाक वाकडे फिरू लागते. मग कोणीतरी पाना घेऊन येतो, हाताशी असेल तो बोल्ट बसवतो, अंगातील सारा जोर लावून आवळतो आणि काम झाले असे मानतो. पुष्कळदा काम होतेही. परंतु ते निवड योग्य होती म्हणून झाले, की चूक सोसण्याइतके बळ त्या जोडात शिल्लक होते म्हणून झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत व्याख्यानात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी एक घडलेली घटना पाहणे उपयुक्त ठरेल. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे एक प्रवासी विमान निघाले. सुमारे १७,३०० फूट उंचीवर असताना वैमानिकासमोरील काच निखळून बाहेर उडाली. विमानातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असल्यामुळे मुख्य वैमानिक त्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टन येथे उतरविले आणि सर्वांचे प्राण वाचले. बाहेर अडकलेला वैमानिकही जगला.

ती काच उड्डाणाच्या आदल्या दिवशी पहाटे नव्याने बसविण्यात आली होती. तपासात असे आढळले की काच धरून ठेवणाऱ्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ठरलेल्या व्यासापेक्षा ०.०२६ इंचाने, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरहून थोडे कमी, बारीक होते. उरलेले सहा योग्य व्यासाचे, परंतु ०.१ इंचाने आखूड होते. बोल्ट निवडणारा मनुष्य अननुभवी नव्हता. त्याने जुना बोल्ट काढला, तो हातात धरून भांडारातील खणांतल्या बोल्टांशी डोळ्यांनी ताडून पाहिला आणि तसाच दिसणारा उचलला. सुट्या भागांची अधिकृत सूची उघडून क्रमांक पाहिला असता तर चूक तेथेच थांबली असती. भांडारातील माणसाने योग्य क्रमांकाची आठवणही करून दिली होती. विशेष म्हणजे आधी बसविलेले जुने बोल्टदेखील योग्य लांबीचे नव्हते. तरीही त्यांनी काच धरून ठेवली होती. एक चूक पचली, म्हणून तिचाच नमुना पुढे वापरला गेला आणि दुसरी चूक पचली नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बारीक बोल्टाच्या आट्यांमधील अंतर योग्य बोल्टाच्या आट्यांइतकेच होते, दोन्हींत इंचाला ३२ आटे. त्यामुळे चुकीचा बोल्टही नटात सहज फिरला. आटे केवळ टोकाटोकांशी अडकले होते. हातातील हत्याराने ठराविक पीळ गाठल्यावर सुटावे, तसा जो झटका जाणवला, तो प्रत्यक्षात आटे एकमेकांवरून निसटल्याचा झटका होता. बोल्ट बसतो याचा अर्थ तो योग्य आहे असा होत नाही, हा या घटनेचा पहिला धडा होय.

आता बोल्ट नेमके कोणते काम करतो ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी असते की बोल्ट म्हणजे दोन पट्ट्यांतून आरपार घातलेली खुंटी. पट्ट्या सरकू लागल्या की ती त्यांना अडविते. काही जोडांत तो तसे काम करतोही. परंतु यंत्रांतील बहुतेक महत्त्वाच्या जोडांत बोल्टाचे खरे काम निराळे असते. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, अगदी रबराप्रमाणे, फक्त अत्यंत अल्प प्रमाणात. ताणलेला बोल्ट आखडू पाहतो आणि त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांवर जोराने दाबले जातात. या दाबामुळे त्यांच्यामध्ये घर्षण निर्माण होते, आणि जोड सरकण्यापासून रोखला जातो तो मुख्यतः या घर्षणाने. म्हणजे बोल्ट ही खुंटी नसून एक ताठर स्प्रिंग आहे. आवळताना तिच्यात जो ताण साठविला जातो त्याला पूर्वताण म्हणता येईल. जोडाचे आयुष्य या पूर्वताणावर अवलंबून असते.

हा ताण किती असतो? उदाहरणासाठी १० मिलिमीटर व्यासाचा, ८.८ वर्गाचा बोल्ट घेऊ. बोल्टाच्या माथ्यावर कोरलेल्या या आकड्याचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की पोलाद किती ताणाला तुटते ते कळते: दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो की त्यापैकी किती अंश ताणाला पोलाद कायमचे लांबू लागते: ८०० चे आठ दशांश, म्हणजे ६४० न्यूटन. त्याचप्रमाणे ४.६ वर्गाचा बोल्ट ४०० ला तुटतो आणि २४० ला लांबतो. दिसावयास दोन्ही बोल्ट एकसारखे असतात; माथ्यावरचा आकडा वाचल्यावाचून त्यांतील फरक कळत नाही. १० मिलिमीटरच्या ८.८ वर्गाच्या बोल्टात सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच टन वजनाइतका पूर्वताण ठेवता येतो. त्यासाठी सामान्य स्थितीत सुमारे ५० न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो. एका पायाखाली अडीच टनांची पकड, आणि असे चार बोल्ट असले तर दहा टनांची.

परंतु एवढ्या ताणाने हा बोल्ट किती लांबतो? दाबलेल्या भागांची एकूण जाडी ४० मिलिमीटर धरली तर लांबी वाढते ती केवळ ०.०८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. सारा अडीच टनांचा दाब या केसभर लांबीत साठविलेला असतो. याचा व्यावहारिक अर्थ फार महत्त्वाचा आहे. नटाखाली रंगाचा जाड थर असला, पृष्ठभागावर गंजाचे पापुद्रे असले, मऊ वॉशर किंवा लाकडाचा तुकडा असला, तर काही दिवसांत तो भाग केसभर चेपला जातो आणि नट यत्किंचितही न फिरता पूर्वताण नाहीसा होतो. अशा वेळी लोक म्हणतात, नट सैल झाला. वास्तविक नट जेथे होता तेथेच असतो; त्याच्या खालचा आधार खचलेला असतो. यासाठी नटाखालचा पृष्ठभाग स्वच्छ व सपाट असावा, कठीण वॉशर वापरावा, आणि नवीन जोड काही काळ चालवून पुन्हा एकदा तपासावा.

यातूनच आणखी एक नियम निघतो. आखूड बोल्ट कमी लांबतो. म्हणून तेवढेच चेपणे त्याचा अधिक ताण हिरावून घेते. लांब बोल्ट अधिक लांबतो आणि तेच नुकसान सहज सोसतो. पातळ पत्रे जोडताना शक्य असेल तेथे पोलादी नळीचा तुकडा घालून बोल्टाची लांबी वाढविण्याची जी रीत आहे, तिचे कारण हेच. दाबलेली जाडी बोल्टाच्या व्यासाच्या निदान तिपटीहून अधिक ठेवता आली तर उत्तम.

बोल्टाची निवड करताना मग क्रमाने कोणते प्रश्न विचारावेत? पहिला प्रश्न भाराचा. भार बोल्टाच्या लांबीच्या दिशेने ओढणारा आहे की आडवा कापणारा? आडवा भार घर्षणाने पेलावयाचा असेल तर पूर्वताण भरपूर हवा. आणि बोल्टाने खुंटीप्रमाणे काम करावयाचे असेल तर जेथे काप बसतो तेथे आट्यांचा भाग येऊ न देता अखंड दांडा येईल एवढी लांबी निवडावी, कारण आट्यांच्या तळाशी बोल्ट बारीक असतो आणि तडा तेथूनच सुरू होतो.

दुसरा प्रश्न आट्यांचा. या बाबतीत जगाला शिस्त लागण्यास बराच काळ जावा लागला. १८४१ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्व कारखान्यांनी एकच प्रमाण मानावे असे सुचविले. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकेतील विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे प्रमाण मांडले. आजचे आंतरराष्ट्रीय मेट्रिक आटेही ६० अंशांचेच आहेत. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, परंतु जुन्या गिरण्यांतील व आयात केलेल्या यंत्रांवर इंची आटे आजही भेटतात. येथे सावधगिरी हवी. ५/१६ इंची बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाएवढाच दिसतो. मात्र एकाच्या आट्यांतील अंतर १.४१ मिलिमीटर, तर दुसऱ्याच्या १.२५. असे जोडीदार एकत्र केले की दोन-एक फेऱ्यांनंतर नट जड फिरू लागतो. पान्याने जोर केला की आटे चिरडले जातात आणि कारागीर समजतो की बोल्ट छान घट्ट बसला. नट आरंभी बोटांनी सहज फिरला पाहिजे. सुरुवातीलाच पाना लावावा लागत असेल तर हात थांबवावा.

तिसरा प्रश्न जोडीदाराचा. ८.८ वर्गाच्या बोल्टाला ८ वर्गाचाच नट हवा. चांगल्या जोडीत अतिभार आल्यास बोल्ट तुटावा, आटे सोलले जाऊ नयेत, अशी योजना असते. कारण तुटलेला बोल्ट दिसतो, सोललेले आटे मात्र आतल्या आत दगा देतात. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत थेट बोल्ट बसवावयाचा असेल तर आटे पोलादातल्यापेक्षा अधिक खोलवर, व्यासाच्या दीडपट ते दुपटीपर्यंत, गुंतले पाहिजेत. नटाबाहेर एक-दोन पूर्ण आटे दिसावेत, हा जुना नियमही पाळण्यासारखा आहे.

चौथा प्रश्न हवापाण्याचा. समुद्राकाठी, मिठागरात किंवा खतांच्या गुदामात साधे पोलाद लवकर गंजते. तेथे जस्ताचा लेप दिलेले किंवा गंजरोधक पोलादाचे बोल्ट घ्यावेत. मात्र गंजरोधक म्हणजे अधिक बळकट असे नव्हे. ए२-७० हा त्यातील नेहमीचा प्रकार ८.८ वर्गाहून दुबळा असतो. शिवाय गंजरोधक पोलादाचे आटे एकमेकांवर घासून जागच्या जागी चिकटतात. म्हणून ते वंगण लावून सावकाश फिरवावेत. उलट १२.९ वर्गाचा अतिशय कठीण बोल्ट सर्वांत भारी म्हणून कोठेही वापरणे चुकीचे आहे. विद्युत्-लेपनाच्या क्रियेत अशा पोलादात हायड्रोजन शिरला तर तो ठिसूळ होतो आणि आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी कोणताही नवा भार न येता तुटू शकतो.

वंगणाचा उल्लेख आला आहे, तेव्हा पान्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आवळताना लावलेल्या पिळापैकी सुमारे निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात आणि दोन पंचमांश आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो केवळ दहावा हिस्सा. म्हणून तोच पीळ तेल लावलेल्या बोल्टाला दिला तर ताण अपेक्षेपेक्षा पुष्कळ वाढतो, आणि गंजलेल्या बोल्टाला दिला तर पुष्कळ कमी राहतो. तक्त्यातील पिळाचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे पाहिल्यावाचून तो वापरू नये.

आता नट सैल का होतो या प्रश्नाकडे वळू. १० मिलिमीटरच्या बोल्टावरील आट्यांचा चढ सुमारे ३ अंशांचा असतो. एवढ्या मंद उतारावर घर्षण असताना काहीही आपोआप घसरत नाही. म्हणून शांत जोडातील नट आपण होऊन फिरत नाही. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवून दिले की नट सैल करणारी खरी हालचाल बोल्टाच्या लांबीच्या दिशेची नसून आडवी असते. कलत्या फळीवर ठेवलेली पेटी स्वस्थ असते. परंतु फळी डावीकडे-उजवीकडे हलविली की पेटी हळूहळू खालीही सरकू लागते. एका दिशेने सरकणाऱ्या वस्तूला दुसऱ्या दिशेने घर्षणाचा आधार उरत नाही. जोड आडवा सरकला की आट्यांचेही असेच होते, आणि दर हेलकाव्याला नट किंचित उलटा फिरतो. म्हणून सैल होण्यावरचा पहिला उपाय कुलपी नट हा नसून जोड सरकू न देणे, म्हणजे पुरेसा पूर्वताण, हाच आहे.

कुलपी उपायांची निवड याच दृष्टीने केली पाहिजे. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात: नट गळून पडू न देणारे, आणि ताण जाऊ न देणारे. हे दोन्ही एकच नव्हेत.

नायलॉनचे कडे असलेला नट पहिल्या वर्गात मोडतो. कडे आट्यांना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे नट पडत नाही. परंतु जोरदार आडव्या कंपनात ताण कमी होऊ शकतो. इंजिनाच्या तापलेल्या भागाजवळ तो वापरू नये, कारण सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पुढे नायलॉन टिकत नाही. तेथे अखंड धातूचा कुलपी नट घ्यावा. जो नट कड्यातून बोटांनी फिरू लागला तो टाकून द्यावा. खाचांचा नट आणि स्प्लिट पिन ही जोडीही पहिल्याच वर्गातील. चाकाच्या आसासारख्या ठिकाणी, जेथे नट घट्ट आवळावयाचा नसतो पण निघता कामा नये, तेथे ती अत्यंत भरवशाची आहे. एकदा काढलेली पिन पुन्हा वापरू नये.

दोन नटांची जुनी पद्धत योग्य रीतीने वापरली तर चांगली आहे. मात्र पातळ नट खाली व जाड नट वर असावा. वरचा नट आवळल्यावर भार त्याच्यावर येतो, म्हणून तोच जाड हवा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटा क्रम दिसतो. सर्वांच्या परिचयाचा स्प्रिंग वॉशर मात्र अपेक्षाभंग करतो: पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो, त्याचा जोर बोल्टाच्या ताणापुढे नगण्य ठरतो, आणि आडव्या कंपनांच्या चाचणीत तो साध्या वॉशरपेक्षा फारसा सरस ठरत नाही.

ताण टिकविणाऱ्या उपायांत पाचरीसारखे दात असलेले जोडवॉशर आणि आट्यांना लावावयाचे चिकटद्रव्य यांचा समावेश होतो. हवा मिळेनाशी होताच धातूच्या सान्निध्यात घट्ट होणाऱ्या अशा द्रव्याचा शोध १९५३ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी लावला. ते आट्यांमधील पोकळी भरून काढते, त्यामुळे आडव्या हेलकाव्याला वावच राहत नाही. आटे तेलकट असतील तर मात्र ते नीट धरत नाही. मध्यम प्रतीचे द्रव्य साध्या पान्याने सुटते. अधिक तीव्र प्रतीचे सोडविण्यासाठी जोड तापवावा लागतो. पुढे जो जोड वारंवार उघडावयाचा आहे त्याला ते लावू नये.

तथापि कोणताही कुलपी उपाय जोडातील दुसऱ्या उणिवेची भरपाई करीत नाही. २० ऑगस्ट २००७ रोजी जपानमधील नाहा विमानतळावर एक प्रवासी विमान उतरले आणि उभे राहताच त्याच्या पंखातून इंधन गळू लागले. पाहता पाहता विमानाने पेट घेतला. आतील सर्व १६५ माणसे वेळेवर बाहेर पडली, विमान जळून गेले. पंखाच्या पुढच्या कडेवरील सरकत्या भागाचा एक बोल्ट निसटून आत पडला होता. तो भाग मिटताना तोच बोल्ट इंधनाच्या टाकीत घुसला. या विमानावर सुमारे दीड महिन्यापूर्वी दुरुस्तीचे काम झाले होते आणि तेही नेमके हा नट सैल होऊ नये म्हणून. त्या कामात एक वॉशर निघून गेला. नटाचा बाह्य व्यास भोकापेक्षा लहान होता; वॉशर नसल्यामुळे नटासह संपूर्ण बोल्ट भोकातून बाहेर आला. नट सैल होऊ नये याची काळजी घेतली गेली, परंतु तो ज्यावर टेकावयाचा तो आधारच उरला नव्हता.

या दोन्ही घटनांत धातूचा दोष नव्हता. बोल्ट चांगल्या पोलादाचे होते, कारागीर आपले काम जाणत होते. उणीव होती ती एका साध्या सवयीची: क्रमांक वाचण्याची, भाग मोजण्याची, काम संपल्यावर पुन्हा एकदा पाहण्याची. जोडाचे सामान काढून ठेवताना वॉशर व नट त्यांच्याच बोल्टावर चढवून ठेवावेत. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टावर नटापासून पायापर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लांबूनही कळते. या उपायाला खर्च जवळजवळ नाही.

भारतीय रेल्वेवर कीमन नावाचा एक कर्मचारी असतो. हातात हातोडा व पाना घेऊन तो आपल्या वाट्याचा लोहमार्ग रोज पायी तपासतो, सैल झालेली बांधणी ठोकून वा आवळून ठीक करतो आणि पुढे जातो. त्याच्या मागून येणाऱ्या गाडीतील प्रवाशांना तो दिसत नाही. कुलपी नटांचे कितीही नवे प्रकार निघाले तरी या माणसाची गरज संपलेली नाही. उत्तम बोल्ट निवडणे हे अर्धे काम आहे; तो जागेवर आहे की नाही हे पाहणे हे उरलेले अर्धे.